अक्कलदाढेचे दुखणे

मनुष्याच्या तोंडात ३२ दातांची सोय निसर्गाने करून ठेविली आहे खरी. परंतु त्यांपैकी शेवटचे ४ केव्हा येतील, कसे येतील, किंबहुना येतील की नाही, याविषयी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी येते, आणि मग पाचसात वर्षे जबड्यात शांतता नांदते. पुढे १७ ते २५ या वयात तिसरी दाढ डोके वर काढते. मनुष्याला थोडेबहुत कळू लागते तेही याच वयात, म्हणून तिला अक्कलदाढ म्हणावयाचे. 'अक्कल' हा शब्द आपणांकडे अरबीतून आला, आणि अरबी लोकही या दाढेस अकलेची दाढच म्हणतात. लॅटिन नावाचा अर्थही तोच आहे. जपानी लोकांनी मात्र तिला 'आईबापांस ठाऊक नसलेली' असे नाव दिले आहे, कारण ती उगवे तोवर पूर्वी आईबाप बहुधा हयात नसत. आपणांकडे एखाद्या थोराड माणसाने पोरकटपणा केला की 'याला अजून अक्कलदाढ यायची आहे' असे म्हणतात. ज्याला ती आली आणि आडवी आली, त्याला या विनोदात फारशी गोडी वाटत नाही.

ती आडवी का येते? मनुष्याचा जबडा त्याच्या दातांच्या मानाने लहान झाला आहे. आपले फार प्राचीन पूर्वज कच्ची कंदमुळे आणि चिवट मांस चावीत. वाढत्या वयात जबड्याला तो व्यायाम घडला म्हणजे हाड लांबरुंद होई आणि शेवटच्या दाढेस बसावयास जागा मिळे. अग्नी आला, जाते आले, शिजवून मऊ केलेले अन्न आले, आणि जबड्याचे काम कमी झाले. सुधारलेल्या समाजांत ही दाढ क्षीण होत चालली आहे, असे डार्विनने १८७१ साली आपल्या मनुष्योत्पत्तीवरील ग्रंथात लिहून ठेविले होते. जबडा आखडला, पण दाढ आपला हक्क सोडावयास तयार नाही, असा हा तंटा आहे. खच्चून भरलेल्या एस. टी. गाडीत शेवटचा उतारू जसा कोणाच्या खांद्यावर टेकून, कोणाच्या पायावर पाय देऊन कसाबसा शिरतो, तशी ही दाढ पुढच्या दाढेवर रेलते, कधी मागे कलते, कधी हाडात साफ आडवी निजून राहते. जॉर्ज विंटर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने १९२६ साली खालच्या जबड्यातील अडकलेल्या अक्कलदाढेवर एक मोठा ग्रंथच लिहिला आणि तिच्या कलण्याच्या तऱ्हा ठरविल्या. दंतवैद्य अजूनही त्याच परिभाषेत बोलतात.

आता हे दुखणे खेड्यात कसे वाढते ते पाहावयाचे, तर वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारचे उदाहरण घेता येईल. मंगरूळपीर तालुक्यातील हे गाव अगदी आडवळणाचे आहे असे नाही. नागपूरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर ते वसलेले आहे, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला तेव्हापासून त्या महामार्गावर चढण्याउतरण्याची जागाही तेथे झाली आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. आसपासच्या खेड्यांतील सोयाबीन, तूर, हरभरा पिकविणारी मंडळी तेथे येतात. अशा गावातील एखाद्या दुकानदाराचा २१ वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. तो पदवीच्या वर्गात शिकतो, दुकानात वडिलांना हात देतो, आणि एका सकाळी त्याला भाकरीचा तुकडा गिळताना घशाच्या बाजूस कळ येते.

पहिल्या दिवशी तो कोणास सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गाल किंचित फुगतो. आई म्हणते, ''लवंग धर बाप्पा दाढेखाली, उतरून जाईल.'' आणि खरोखरच ते दुखणे चार दिवसांत उतरते! अक्कलदाढेच्या दुखण्याचा सगळा कपटीपणा येथेच आहे. ते येते, जाते, पुन्हा महिन्या-दोन महिन्यांनी येते, आणि प्रत्येक वेळी मनुष्यास वाटते की आपल्या उपायाने गुण आला.

वस्तुतः आत घडत असते ते असे. दाढ अर्धीच बाहेर आलेली असते आणि तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पडदा तसाच राहिलेला असतो. त्या पडद्याखाली अन्नाचे कण, तिळाचा दाणा, हरभऱ्याचे टरफल जाऊन बसते. ब्रश तेथवर पोहोचत नाही, चूळ भरून ते निघत नाही. मग तेथे सूक्ष्म जंतू वाढतात, हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीवर वरच्या जबड्यातील दाढ प्रत्येक घासाला आदळते. सूज चावली जाते म्हणून वाढते, आणि वाढते म्हणून आणखी चावली जाते. तोंडास दुर्गंधी येते, लाळ गळते, गिळणे कठीण होते, तोंड पुरते उघडत नाही, हनुवटीखाली गाठ लागते, प्रसंगी ताप भरतो.

हे वर्णन आधुनिक असल्यासारखे वाटेल. परंतु सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात 'अधिमांस' नावाचा एक मुखरोग सांगितला आहे. हनुवटीच्या हाडातील अगदी मागच्या दाताशी मोठी सूज येते, वेदना फार असतात आणि लाळ वाहते, असे त्याचे लक्षण दिले आहे. त्यावर उपाय म्हणून ते वाढलेले मांस छेदून टाकावे आणि मधात कालविलेली औषधी चूर्णे लावावी, असे चिकित्सास्थानात आहे. त्याच ग्रंथात 'वर्धन' असा आणखी एक रोग येतो: वायूमुळे जादा दात उगवू लागतो, तीव्र वेदना होतात, आणि दात पुरता वर आला की त्या शमतात. हे अक्कलदाढेचेच वर्णन असावे असे मानावयास बरीच जागा आहे. हिरडीचा पडदा कापून टाकण्याची क्रिया आजही होते, पण ती दाढ सरळ असून तिला वर येण्यास जागा असेल तेव्हाच. आडव्या दाढेवरचा पडदा कापला तर तो पुन्हा वाढतो.

शेलूबाजारच्या त्या तरुणाकडे पुन्हा वळू. दुखणे तिसऱ्यांदा आले तेव्हा उपायांचीही पायरी चढलेली असते. लवंगेने भागले नाही म्हणून कोणी लवंगेचे तेल कापसावर घेऊन चेपून बसवितो. लवंगेच्या तेलात थोडी बधिरता आणण्याचा गुण निःसंशय आहे, परंतु ते वारंवार लाविल्यास हिरडी भाजते. त्याहूनही वाईट चाल म्हणजे डोकेदुखीची गोळी दाढेशी धरून ठेवण्याची. अ‍ॅस्पिरिनची गोळी पोटात जाऊन काम करते. गालाशी धरली तर ती तेथील नाजूक त्वचा पांढरी पडेपर्यंत जाळते आणि एका दुखण्याची दोन होतात. कोणी बाहेरून विटेचा शेक देतो. आत पू होत असेल तर शेकाने तो बाहेरच्या बाजूस पसरण्याचा संभव असतो, म्हणून गाल सुजला असता शेक देऊ नये. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र निर्धोक आहेत, आणि दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत घरी करता येण्यासारखे तेवढेच एक चांगले काम आहे.

वऱ्हाडातील बाजारांत दाताचे किडे काढून देणारी मंडळी पूर्वी हमखास बसलेली दिसत. निखाऱ्यावर भुईरिंगणीचे बी टाकावयाचे, त्याचा धूर नळीने रोग्याच्या तोंडात घ्यावयाचा, आणि पाण्याच्या वाटीत पडलेले पांढरे बारीक किडे त्याला दाखवावयाचे! रोगी चकित होई आणि पैसे देऊन उठे. ते पांढरे तुकडे त्या बियांच्याच आतील कोंब असत, नाहीतर हातचलाखी. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात तिला प्रथम जोराचा धक्का दिला. आपण अजूनही 'दात किडला' असेच म्हणतो. शब्द राहावयास हरकत नाही. त्या शब्दापायी कोणी धूर घेत बसू नये, इतकेच.

यापेक्षा चिवट समजूत दुसरीच आहे. वरची दाढ काढली की डोळे जातात, असे खेड्यांतच नव्हे तर शहरांतील सुशिक्षित घरांतही वडील माणसे सांगतात, आणि या एका भीतीपायी कित्येक जण वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात. ही समजूत कोणा अडाण्याने उठविलेली नाही. सुश्रुतानेच सांगितले आहे की वरचा घट्ट बसलेला दात मुळासकट उपटला असता फार रक्त जाऊन घोर रोग होतात, मनुष्य काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. त्या काळी रक्त थांबविण्याची साधने अपुरी होती, भूल नव्हती, जंतुनाशके नव्हती; त्या परिस्थितीत हा सावधगिरीचा आदेश शहाणपणाचाच होता. तथापि दृष्टीचा मज्जातंतू स्वतंत्र आहे. तो डोळ्यापासून थेट मेंदूकडे जातो आणि दाढेच्या मुळाशी त्याचा काही संबंध नाही. दाढांना संवेदना देणारी शाखा निराळ्याच मज्जातंतूची आहे. उलट वरच्या दाढेतील पू दुर्लक्षित राहिला तर तो क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे डोळ्यास धोका असलाच तर तो दाढ न काढण्यात आहे.

खालच्या दाढेच्या दुर्लक्षाने येणारे संकट तर प्राणावरचे असते. तेथील पू जिभेखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस उतरला तर मान ताठरते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. गाल सुजून तोंडात एकच बोट जेमतेम शिरते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे किंवा श्वास लागतो आहे, असे दिसताच रात्र असो की दिवस असो, रोग्यास मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. सकाळपर्यंत वाट पाहण्याचे ते दुखणे नव्हे.

जबड्याच्या मागच्या भागातील सूज किती अनपेक्षित असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातील आहे. तेथील १७ वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यास उजव्या बाजूने सूज आली होती आणि ती दीड वर्ष तशीच राहिली. जवळपासच्या डॉक्टरांस तिचे निदान होईना. हा कर्करोग तर नव्हे, या भीतीने वडिलांनी त्याला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणले. जुलै २०१४ मध्ये तेथील दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर यांच्या चमूने सुमारे ७ तास शस्त्रक्रिया करून त्या सुजेतून दातासारखे २३२ लहानमोठे तुकडे काढले. दाढेच्या वाढीत बिघाड होऊन दाताच्याच द्रव्याची ती गाठ बनली होती, कर्करोगाची नव्हती. असा प्रकार विरळा असतो आणि प्रत्येक सुजेत २३२ दात निघावयाचे नाहीत. पण बाहेरून दिसणाऱ्या सुजेवरून आत काय आहे हे ओळखता येत नाही, क्ष-किरणांचे चित्र काढावेच लागते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आपल्या तरुणास खर्ऱ्याची सवय असेल तर प्रकरण अवघड होते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ गालात धरून ठेवण्याची चाल तिकडे फार आहे. सुपारीने गालाच्या आतील त्वचा हळूहळू ताठर, पांढरट आणि दोरीसारखी होते, आणि तोंड उघडण्याचे प्रमाण वर्षावर्षाने घटत जाते. निरोगी मनुष्यास स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालता येतात. ज्याला दोनही जात नाहीत, त्याच्या अगदी मागच्या दाढेपर्यंत हत्यार न्यावयाचे कसे? शिवाय या विकारातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो तो निराळाच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर हाताने घोटून मिळत राहिला. मुलाचे तोंड उघडत नाही, ते अक्कलदाढेच्या सुजेने की खर्ऱ्याने, हा प्रश्न दंतवैद्य प्रथम विचारील, आणि मुलाने वडील शेजारी बसले आहेत म्हणून उत्तर टाळू नये.

शेवटी तो तरुण अकोल्यास काकांकडे येतो. ''काकू, जेवण नको. तोंडच उघडत नाही,'' असे तो म्हणतो तेव्हा काकूंस शंका येते आणि त्या त्याला दंतवैद्याकडे पाठवितात. अकोला, अमरावती येथे दंतमहाविद्यालये आहेत. नागपूरचे शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ पासून चालू आहे. भारतात दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला. तत्पूर्वी पाटी लावून चिमटा हाती घेणाऱ्यास फारसे कोणी विचारीत नसे. तेव्हापासून नोंदणी झालेल्या मनुष्यासच दात काढण्याचा अधिकार आहे.

दंतवैद्य प्रथम चित्र काढतो. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील वाल्कहॉफ याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, आणि त्यासाठी त्याला २५ मिनिटे स्थिर पडून राहावे लागले. आज संपूर्ण जबड्याचे चित्र काही सेकंदांत निघते. दाढ किती कलली आहे, मुळे किती व कशी वाकली आहेत, आणि मुख्य म्हणजे खालच्या ओठास संवेदना देणारा मज्जातंतू हाडातील ज्या नळीतून जातो ती नळी मुळांपासून किती दूर आहे, हे त्यात दिसते. नळी मुळांस चिकटलेली असेल तर ओठास काही काळ, क्वचित कायमची, बधिरता येण्याचा संभव असतो, आणि तो रोग्यास आधी सांगितला जातो. सूज व ताप असताना बहुधा दाढ लगेच काढीत नाहीत; पडद्याखालची जागा धुऊन, पू असल्यास त्याला वाट करून, जरूर तर औषध देऊन ती शांत करितात आणि मग दिवस ठरवितात.

प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे मात्र नाही. एके काळी पाश्चात्य देशांत ती सरसकट उपटण्याची प्रथा पडली होती. इंग्लंडमधील आरोग्यसंस्थेने २००० साली असा सल्ला दिला की निरोगी, त्रास न देणारी अडकलेली दाढ केवळ पुढे त्रास देईल म्हणून काढू नये. वारंवार सूज, दाढेस किंवा पुढच्या दाढेस कीड, पू, भोवताली पाण्याची गाठ, अशी कारणे असतील तर ती काढावी. आणि काढावयाचीच असेल तर तरुणपणी काढणे सोपे पडते. चाळिशीनंतर हाड टणक होते, मुळे पुरती वाढलेली असतात आणि जखम भरण्यास अधिक दिवस लागतात.

वेदनेची भीती बाळगण्याचे कारण आता उरलेले नाही, आणि ही स्थिती येण्यात अक्कलदाढेचाच मोठा वाटा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचा दंतवैद्य होरेस वेल्स याची अक्कलदाढ त्याला छळीत होती. ११ डिसेंबर १८४४ रोजी तो स्वतः खुर्चीत बसला, त्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगला, आणि रिग्ज या सहव्यवसायी मित्राने ती दाढ उपटली. वेल्सला वेदना जाणवली नाही. पुढे १८४६ मध्ये मॉर्टनने ईथरचा प्रयोग यशस्वी केला आणि सगळ्या शस्त्रवैद्यकाचे रूप पालटले. जागेपुरती भूल देण्यास आरंभी कोकेन वापरीत. १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमधील लोफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. तेच आज बहुतेक दवाखान्यांत टोचतात. टोचल्यावर थोड्या वेळात अर्धा ओठ, अर्धी जीभ जड होते. दाब जाणवतो, हत्याराचा आवाज येतो, पण वेदना नसते. वेदना झालीच तर हात वर करावा. आणखी औषध देता येते.

मग हिरडीस छेद देऊन दाढेवरचे थोडे हाड पाण्याच्या धारेखाली कोरून काढितात. आडवी दाढ अखंड बाहेर येत नाही. तिचे दोनतीन तुकडे करून एकेक उचलतात. सरळ दाढ ५ मिनिटांतही निघते. आडवीस कधी तासभर लागतो. शेवटी टाके घालतात आणि त्यावर कापसाची घडी दाबून धरावयास सांगतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, गर्भारपण, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, यांपैकी काही असेल तर ते आधीच सांगितलेले बरे. गोळ्या मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून स्वतःच्या बुद्धीने बंद करू नयेत.

घरी आल्यावरचे पथ्य काकूंच्या हाती असते. घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरावी. त्या दिवशी थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. कारण खळग्यात जी रक्ताची गुठळी जमते तीच पुढच्या भरणीचा पाया असते, आणि ओढण्याथुंकण्याने ती निसटते. बाहेरून बर्फाचा गार शेक द्यावा. ओठ बधिर आहे तोवर खाणे नको, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जातो. नंतर गार दूध, ताक, ज्वारीची आंबील, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी चालेल. चिवडा आणि दाणे काही दिवस दूर ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या कराव्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल अधिक सुजलेला दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. पण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दुखणे कमी होण्याऐवजी कानापर्यंत ठणकू लागले आणि तोंडास वाईट चव आली, तर गुठळी निघून खळगा कोरडा पडला असे समजावे आणि डॉक्टरांकडे परत जावे. तो खळगा धुऊन त्यात औषध भरले की बहुधा लवकर आराम पडतो. खर्रा आणि विडी ओढणाऱ्यांस हा त्रास अधिक होतो.

आठवड्याने टाके काढितात. तोवर तोंड बरेच उघडू लागलेले असते, आणि शेलूबाजारचा तरुण सातव्या-आठव्या दिवशी घरी परततो. खळग्यावर हिरडी काही आठवड्यांत येते. आत हाड भरावयास मात्र काही महिने जातात. दुसऱ्या बाजूची अक्कलदाढही त्याच चित्रात दिसलेली असते. ती सरळ असून स्वच्छ ठेवता येत असेल तर तिला राहू द्यावे, आणि वर्षातून एकदा दाखवीत जावे.